‘डॉ.’ कशाचे?

विधानसौध आणि उच्च न्यायालय यांच्या मधून जाणाऱ्या बंगळुरूच्या रस्त्याचं नाव ‘डॉ. बी. आर. आंबेडकर वीधि’. तिथून पश्चिमेला राजाजीनगरकडे निघालं की ‘डॉ. राजकुमार रस्ता’ लागतो. कन्नड पाटीवर दोन्हीकडे तोच ‘डा.’, पुढे तेच टिंब. पहिल्या पाटीवरच्या ‘डा.’मागे १९२३ ची लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. आणि १९२७ ची कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. आहे. दुसऱ्या पाटीवरच्या ‘डा.’मागे म्हैसूर विद्यापीठाने १९७६ मध्ये एका लोकप्रिय नटाला सन्मानाने दिलेली डॉक्टरेट आहे. बंगळुरूकराला यात काही खटकत नाही. आणि खटकायला हवं असं मोठ्याने म्हणणाऱ्याला या शहरात राहणं थोडं जडच जाईल.

वाद पेटला तो मात्र तिसऱ्याच पाटीवरून. २०२५ च्या एप्रिलमध्ये संलग्न आरोग्यसेवांच्या राष्ट्रीय आयोगाने फिजिओथेरपीचा नवा अभ्यासक्रम जाहीर केला. त्यात फिजिओथेरपिस्टला नावाआधी ‘डॉ.’ आणि नावानंतर ‘पीटी’ लावायची मुभा होती. इंडियन मेडिकल असोसिएशन आणि फिजिकल मेडिसिनच्या तज्ज्ञांची संघटना हरकत घेऊन उभ्या राहिल्या. ९ सप्टेंबरला आरोग्य सेवा महासंचालनालयाने पत्र काढलं : फिजिओथेरपिस्टांनी ‘डॉ.’ लावू नये, त्याने रुग्णांची दिशाभूल होते. पत्रात १९१६ च्या एका कायद्याचा दाखला होता, आणि पाटणा व मद्रास उच्च न्यायालयांच्या बरोबरीने बंगळुरूच्या न्यायालयाच्या २०२० मधल्या निर्णयाचाही. १० सप्टेंबरला हेच पत्र मागे घेण्यात आलं. एका रात्रीत डॉक्टरकी गेली आणि परत आली. एवढ्या वेळात कमरेची उसणसुद्धा उतरत नाही.

पत्र मागे गेलं, पण त्यामागचा युक्तिवाद गेला नाही. तो अजून जोरात आहे. डॉक्टर म्हणजे रोग ओळखणारा आणि औषध लिहून देणारा, बाकी सगळे उसनी झूल पांघरलेले, असा त्याचा सूर. हा युक्तिवाद करणारी माणसं शिकलेली आहेत, रुग्णांची काळजी त्यांना खरीच आहे. तरीही तो टिकत नाही.

आधी शब्दाचंच बघू. ‘डॉक्टर’ म्हणजे मुळात शिकवणारा. लॅटिनमधून आलेला हा शब्द युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत धर्मशास्त्र आणि कायदा शिकवणाऱ्यांनाही लागत असे. एमबीबीएस या अक्षरांतले दोन्ही ‘बी’ ‘बॅचलर’चे आहेत, म्हणजे ती पदवी आपल्या तोंडानेच स्वतःला स्नातक म्हणवते. त्या पदवीधराला ‘डॉक्टर’ म्हणतात ते समाजाच्या रीतीने, आदराने. त्यात वावगं काही नाही. पण आदराने मिळालेल्या शब्दावर सातबारा चढवता येत नाही. ब्रिटनमध्ये तर शल्यविशारद झाल्यावर माणूस ‘डॉक्टर’ सोडून पुन्हा ‘मिस्टर’ होतो, कारण तिथल्या सर्जनचे पूर्वज न्हाव्यांच्या संघातले होते आणि पुढच्या पिढ्यांनी ती आठवण अभिमानाने जपली. आपल्याकडे कोणा सर्जनला ‘श्री.’ म्हणून बघा, पुढची तारीख मिळणं मुश्कील होईल.

कायद्याचा आधार म्हणावा तर तोही पोकळ. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांच्या वर्तनाचे नवे नियम प्रसिद्ध केले. आयोगाच्या कायद्याखाली नोंद झालेल्यांनीच नावाआधी ‘मेड. डॉ.’ लावावं अशी तरतूद त्यांत होती. इतर मुद्द्यांवरून इतकी ओरड झाली की तीन आठवड्यांत ते नियम स्थगित झाले. पण ‘डॉ.’ जर आधीपासून कायद्याने त्यांचीच होती, तर ‘मेड. डॉ.’ नावाचं हे नवं नाणं पाडायची गरज का पडली? महासंचालनालयाने ज्याचा हवाला दिला तो १९१६ चा वैद्यकीय पदव्यांचा कायदा पदवी नसताना ती असल्याचा आव आणणाऱ्याला २५० रुपयांपर्यंत दंड सांगतो, पुन्हा केलं तर ५००. पहिल्या महायुद्धाच्या काळात ही रक्कम धाक घालणारी असेल. आज जयनगरात कमरेच्या एका शेकालाही ती पुरायची नाही.

राहता राहिली रुग्णाची दिशाभूल. ही भीती मात्र खोटी नाही. पाठदुखी म्हणून कोणी थेट फिजिओथेरपिस्टकडे गेला आणि दुखण्याचं मूळ मणक्याच्या क्षयात किंवा गाठीत निघालं, तर शेक आणि व्यायामात महिने वाया जातात. पाटीवरच्या ‘डॉ.’मुळे हा माणूस आपल्याला तपासून निदान करेल असा समज झाला असेल, तर दोष त्या पाटीकडेही जातो. पण याच न्यायाने पुढे जाऊ. त्वचेच्या आणि केसांच्या दवाखान्यावर नुसतं ‘डॉ.’ असतं तेव्हा आत बसलेला त्वचारोगतज्ज्ञ आहे, नुसता एमबीबीएस आहे, की आणखी कोणी, हे कोणाला कळतं? बीएएमएसच्या पाटीवर ‘डॉ.’ असतं, बीएचएमएसच्याही, दंतवैद्याच्याही. गोंधळ ‘डॉ.’ने केलेला नाही, ‘डॉ.’नंतर काय लिहायचं ते गाळण्याने केला आहे. कर्नाटक सरकारला हे उमगलं असावं. राज्याच्या आरोग्य खात्याने २०२४ मध्ये खासगी दवाखान्यांना नोंदणी क्रमांकासह रंगीत पाट्या लावायला सांगितल्या : ॲलोपॅथीला निळी, आयुर्वेदाला हिरवी. उपाधी कोणाची यावर वाद न घालता आत काय मिळतं ते सांगायचं, हा सरळ मार्ग झाला.

म्हणून फिजिओथेरपिस्टांची बाजू पूर्ण बरोबर ठरते असंही नाही. जयनगरच्या एखाद्या आडव्या रस्त्यावर पहिल्या मजल्यावरचं केंद्र डोळ्यांसमोर आणा. काचेवर गुडघ्याचं चित्र, त्याखाली हातभर उंचीचा ‘डॉ.’, मग नाव, आणि नावाच्या शेवटी, काच पुसायच्या फडक्याने झाकलं जाईल एवढंसं ‘पीटी’. परवानगी मिळाली ती दोन्ही अक्षरं एकत्र लावण्याची. एक हत्तीएवढं आणि एक मुंगीएवढं लावण्याची नव्हे. साडेचार वर्षं शिकून, अर्धांगवायूने पडलेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या हाताने घास घेता यावा यासाठी झटणाऱ्याला आपलं शिक्षण लपवावंसं का वाटावं? ‘फिजिओथेरपिस्ट’ या शब्दात कमीपणा नाही. कमीपणा नसेल तर तो शब्द ‘डॉ.’इतक्याच मोठ्या अक्षरात लिहायला हरकत कसली?

उपाधी लावणाऱ्याने तीन प्रश्नांना तयार असायला हवं : कशाची? कुठली? कोणी तपासली? मज्जातंतूंचा तज्ज्ञ याला तयार असतो, मोडी लिपीवर प्रबंध लिहिलेली बाईसुद्धा. ‘डॉ.’ एकट्या वैद्यकाची म्हणणाऱ्यांना हे प्रश्न नको असतात, कारण उत्तर सगळ्यांना ठाऊकच आहे असं ते धरून चालतात. आणि आणखी एका जमातीला ते मुळीच नको असतात : सन्माननीय डॉक्टरेटवाल्यांना. खरा घोळ तिथे आहे. फिजिओथेरपिस्टवर तुटून पडणाऱ्या संघटना तिकडे वळूनही बघत नाहीत.

या बाबतीत बंगळुरूने एक धडा घालून दिला आहे आणि तो देणारा माणूस मराठी घरातला आहे. बंगळुरू विद्यापीठाचा ५२ वा पदवीदान समारंभ २७ जानेवारी २०१७ ला होता. सन्माननीय डॉक्टरेटसाठी राहुल द्रविडचं नाव ठरलं होतं. कुलगुरूंनी जाहीर केलं ते असं : द्रविडने विद्यापीठाचे आभार मानले आणि नम्रपणे नकार दिला, सन्मानाने पदवी घेण्यापेक्षा क्रीडाक्षेत्रात काही संशोधन करून ती मिळवण्याचा प्रयत्न करीन असं त्याने कळवलं. यानंतर त्याच्या तोंडी घातलेलं एक लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारं भाषण मोबाइलवरून फिरलं. विद्यापीठाने सांगितलेला मजकूर मात्र एवढाच आणि तो पुरेसा आहे.

या नकाराला खास वजन येतं ते घरामुळे. आई पुष्पा द्रविड बंगळुरूच्या विश्वेश्वरय्या अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. हे महाविद्यालय तेव्हा याच बंगळुरू विद्यापीठाचं होतं. म्हणजे आईने ज्या विद्यापीठाच्या वर्गात शिकवलं तेच विद्यापीठ मुलाला वर्ग न दाखवता पदवी देऊ करत होतं. पत्नी विजेता पेंढारकर नागपूरच्या, पेशाने सर्जन. ज्या घरात जेवायला बसलं की समोर एक प्राध्यापक आणि एक सर्जन असते, तिथे फुकटचं ‘डॉ.’ लावून वावरायला माणूस संकोचतोच. शिवाय क्रिकेटने स्वतः हा मानापमानाचा खेळ भोगलेला आहे. इंग्लंडमध्ये १९६२ पर्यंत हौशी खेळाडूंची आद्याक्षरं आडनावाआधी छापत आणि पोटासाठी खेळणाऱ्यांची नंतर. लॉर्ड्सवर एकदा छापील धावपत्रिकेत व्यावसायिक टिटमसची आद्याक्षरं चुकून आधी आली, तर ती नंतर वाचावीत अशी दुरुस्ती ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आली म्हणे. टिटमसची गोलंदाजी दोन्हीकडून तीच होती.

द्रविडच्या नकारावर त्या वेळी दोन आक्षेप ऐकू येत, आजही येतात. पहिला : हा विनयाचा देखावा आहे, समाज प्रेमाने देतो ते घ्यावं. घ्यावं की! सन्मान घेण्याला कोणाची ना नाही. झूल पांघरावी, फोटो काढावा, सनद भिंतीवर लावावी. प्रश्न दुसऱ्या दिवशी सकाळी नावाआधी ‘डॉ.’ रंगवून घेण्याचा आहे. आपल्या संविधानाचं १८ वं कलम सरकारला किताब वाटायला मनाई करतं, फक्त लष्करी आणि शैक्षणिक मान वगळून. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये बालाजी राघवन खटल्यात सांगितलं की भारतरत्न आणि पद्म सन्मान हे किताब नव्हेत, मात्र ते नावाआधी किंवा नंतर लावता येणार नाहीत. म्हणजे देशाचा सर्वोच्च नागरी सन्मानही नावाला चिकटवायचा नाही. आणि राज्यपाल कुलपती असलेल्या विद्यापीठातून परीक्षेविना आलेली डॉक्टरेट मात्र ‘शैक्षणिक’ या सवलतीच्या दारातून आत शिरते आणि थेट नावाच्या डोक्यावर जाऊन बसते. किताब मोडीत काढले म्हणायचं आणि मागच्या दाराने हे चालू ठेवायचं, याला काय म्हणावं?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, कारण तो आपल्याच घरातून येतो. रामकृष्ण गोपाळ भांडारकर ‘डॉ. भांडारकर’ झाले ते १८८५ मध्ये गटिंगेन विद्यापीठाने सन्मानाने दिलेल्या पीएच.डी.मुळे. मग त्यांनाही ‘श्री.’ म्हणायचं का? सॅम्युअल जॉन्सनची डॉक्टरेटही सन्माननीयच होती (तो स्वतः आपल्याला ‘मिस्टर’ म्हणवत असे ही गोष्ट वेगळी). भांडारकरांचं उत्तर त्या तीन प्रश्नांतच आहे. कशाची? संस्कृत आणि प्राच्यविद्येची. कोणी तपासली? ज्या जर्मन पंडितांसमोर त्यांचे निबंध वर्षानुवर्षं पडत होते त्यांनी. प्रबंधाचा कागद नव्हता, पण काम होतं आणि ते त्याच विषयातल्या माणसांनी पारखलं होतं. सी. व्ही. रामन यांचंही तसंच. अभ्यास करून पीएच.डी. घेण्याच्या वाटेला ते गेलेच नाहीत, एम.ए.वर थांबले आणि पुढे भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. बंगळुरूच्या एका विधानसभा मतदारसंघाचं नाव मात्र ‘सी. व्ही. रामन नगर’, त्यात ‘डॉ.’ नाही. त्यांचं काही अडलं नाही.

राजकुमारांची डॉक्टरेट कशाची? अभिनयाची म्हणावं तर अभिनयात ते डॉक्टर नव्हते, त्याहून फार मोठे होते. कन्नड माणूस त्यांना ‘अण्णावरु’ म्हणतो. तो शब्द कुठल्याही सिंडिकेटच्या बैठकीत ठरलेला नाही, म्हणूनच काढूनही घेता येत नाही. गंगूबाई हनगल यांच्याबाबत तर गंमतच. म्हैसूरच्या संगीत विद्यापीठाच्या नावातच ‘डॉ. गंगूबाई हनगल’ आहे. ज्या बाईने हुबळीत बसून किराणा घराण्याचा तो भारदस्त, पुरुषी वाटावा असा षड्ज लावला, तिला विद्यापीठाच्या फाटकावर ‘डॉ.’चा टेकू कशाला? तिचे गुरू कुंदगोळचे रामभाऊ. त्यांना लोकांनी ‘सवाई गंधर्व’ केलं आणि त्या नावापुढे आजवर कोणी पदवी विचारली नाही. याउलट कर्नाटकात संगीताची ‘विद्वत्’ परीक्षा आहे. ती उत्तीर्ण झालेला ‘विद्वान’ आपलं प्रमाणपत्र दाखवू शकतो. लोकांनी बहाल केलेली बिरुदं आणि परीक्षेने मिळणाऱ्या पदव्या या दोन्ही गोष्टी आपल्या संस्कृतीत सुखाने नांदत होत्या. सन्माननीय डॉक्टरेटने त्यांची खिचडी केली : लोकप्रियतेला परीक्षेचा वेश चढवला.

पुण्याच्या एका घरात हा विवेक फार आधी पाळला गेला. धोंडो केशव कर्वे यांना बनारस, पुणे आणि मुंबई विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिल्या. त्यांना ‘डॉ. कर्वे’ कोणी म्हणत नाही. बाहेर ते ‘महर्षी’ आणि आपल्या माणसांत ‘अण्णा’. त्याच घरात सून म्हणून आलेल्या इरावतीबाई बर्लिनहून मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट अभ्यासाने मिळवून आल्या. त्या ‘डॉ. इरावती कर्वे’. दोघांत लहान-मोठं कोण हा प्रश्न मराठी वाचकाच्या मनात येतही नाही.

पण आज आपल्याला राजकुमारांच्या पाटीला हसण्याचा अधिकार उरलेला नाही. कोल्हापूर ते नागपूर कुठल्याही लग्नपत्रिकेतलं आप्तेष्टांचं पान काढा : ‘प्रा. डॉ. ॲड.’ अशी इंजिनामागे डब्यांसारखी जोडलेली अक्षरं, शेवटच्या डब्यात बिचारं नाव. यातलं ‘प्रा.’ तर पदवीच नव्हे, ते पद आहे. २०१० च्या यूजीसी नियमांनी अधिव्याख्याता हे पदनाम बदलून ‘सहायक प्राध्यापक’ केलं आणि बघता बघता ‘सहायक’ गळून गेलं. खासगी शिकवणीत भौतिकशास्त्र शिकवणारा तरुणही फ्लेक्सवर ‘प्रा.’ असतो. वकिलांच्या बाबतीत बार कौन्सिल निदान कडक आहे : पाटी माफक आकाराची हवी, आणि आपण पूर्वी न्यायाधीश होतो हे तीवर लिहायचं नाही. रंगभूमीवर मात्र आपली बाजू जरा बरी. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, काशिनाथ घाणेकर दंतवैद्य, मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ. नाटकाच्या जाहिरातीत ‘डॉ.’ कशाला, असं कोणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. नटसम्राटाला घसा तपासायचा नसतो. तरी ‘कशाचे डॉक्टर?’ असं विचारलं असतं तर तिघांनीही एका वाक्यात उत्तर दिलं असतं.

असं उत्तर नसलेल्यांसाठी आता बाजारच भरतो. हॉटेलचा हॉल, भाड्याचे झगे, चौकोनी टोप्या, परदेशी वाटेल असं विद्यापीठाचं नाव, आणि रांगेत उभे समाजसेवक, बिल्डर, ज्योतिषी. सप्टेंबर २०२० मध्ये म्हैसूरच्या एका हॉटेलात असा समारंभ ऐन रंगात असताना पोलीस येऊन धडकले. यूजीसी दरवर्षी बनावट विद्यापीठांची यादी काढते. तीत बेळगाव जिल्ह्यातल्या गोकाकची ‘बडगाणवी सरकार वर्ल्ड ओपन युनिव्हर्सिटी’ आणि नागपूरची ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’ अनेक वर्षं मुक्काम ठोकून होत्या. अधिकार नसताना विद्यापीठ म्हणवून घेण्याला १९५६ च्या कायद्यात दंड आहे हजार रुपयांपर्यंत. झग्याचं भाडं त्याहून जास्त पडत असेल. हा बाजार चालतो तो बोगस संस्थांच्या हुशारीवर नव्हे. खऱ्या विद्यापीठांनी दिलेली सन्माननीय डॉक्टरेट नावाआधी मिरवता येते हे लोकांनी पन्नास वर्षं पाहिलं आहे, म्हणून चालतो. अस्सल नाण्यालाच किंमत नसती तर खोटं पाडण्याच्या भानगडीत कोण पडलं असतं?

उपाधीला कायद्याचं कुंपण घालता येतं का? येतं, पण कुठे घालायचं ते नेमकं ठरवावं लागतं. वास्तुविशारदांचा १९७२ चा कायदा याचा चांगला नमुना आहे. सर्वोच्च न्यायालयाने १७ मार्च २०२० च्या निकालात त्याचा अर्थ स्पष्ट केला : इमारतीचा आराखडा काढण्याचं काम कोणाही जाणकाराला करता येईल, पण ‘आर्किटेक्ट’ हे नाव नोंदणी असलेल्यानेच लावायचं. काम मोकळं, नाव राखीव. आता हा निकाल हातात धरून कोणी बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर फिरला तर त्याची पंचाईत होईल. तिथल्या प्रत्येक काचेच्या इमारतीत शेदोनशे ‘सोल्यूशन आर्किटेक्ट’ बसलेले असतात आणि त्यांतल्या कोणी कधी विटेवर वीट ठेवलेली नसते. तरी त्यांच्याकडे घराचा नकाशा घेऊन कोणी जात नाही, कारण ‘आर्किटेक्ट’च्या आधी ‘सोल्यूशन’ तितक्याच मोठ्या अक्षरात असतं. जयनगरच्या काचेवर ‘पीटी’चं जे झालं ते इथे होत नाही.

बंगळुरू महानगरपालिका सप्टेंबर २०२५ मध्ये इतिहासजमा झाली. तिच्या जागी पाच महापालिका आल्या. नव्या कारभाऱ्यांच्या अमदानीत रस्त्यांच्या पाट्या आज ना उद्या रंगवल्या जातीलच. आंबेडकर वीधिवरचा ‘डा.’ जसाच्या तसा राहू द्यावा, तो कमावलेला आहे. राजाजीनगरच्या पाटीवर मात्र रंगाऱ्याने ‘डा.’च्या जागी ‘अण्णावरु’ लिहावं. तीन अक्षरांची जागा जास्त लागेल, पण पाटी चांगली लांबरुंद आहे आणि शहरात त्याला विरोध करणारा एकही माणूस सापडणार नाही.